चुकलेले उत्तर काय सांगते? – वर्गातील ऑनलाइन चाचण्यांविषयी

भिलाईच्या इस्पात कारखान्यात पोलाद वितळलेले असतानाच त्याचा लहानसा नमुना काढून प्रयोगशाळेत तपासतात. त्यात कार्बन किती, मँगॅनीज किती, गंधक आणि फॉस्फरस किती उरले, हे थोड्याच वेळात कळते. प्रमाण कमी-जास्त असेल तर पोलाद पातळ आहे तोवरच ते दुरुस्त करता येते. पुढे त्याच पोलादाचे रेल्वे रूळ होतात आणि त्या तयार रुळांचीही तपासणी होते. पण तेव्हा दोष सापडला, तर तो रूळ बाजूला काढण्यापलीकडे फारसे काही हाती उरत नाही.

शाळेतल्या परीक्षाही अशाच दोन प्रकारच्या असतात. सत्र संपल्यावर होणारी परीक्षा म्हणजे तयार रुळाची तपासणी. तिला संकलित मूल्यमापन म्हणतात. धडा शिकवणे चालू असतानाच कोणाला काय समजले आणि काय नाही हे पाहणे, म्हणजे वितळलेल्या पोलादाचा नमुना घेणे. ते आकारिक मूल्यमापन. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात सातत्यपूर्ण आणि सर्वंकष मूल्यमापनाचा उल्लेख आहे, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही पाठांतरापेक्षा समज तपासणाऱ्या नियमित मूल्यमापनावर भर दिला आहे.

विचार चांगला, पण अडचण वेळेची. पस्तीस जणांच्या वर्गात दररोज पाच प्रश्नांची चाचणी घ्यायची, तर सरांना रोज १७५ उत्तरे तपासावी लागतील. वह्या परत मिळेपर्यंत पुढचा धडा सुरू झालेला असतो. ऑनलाइन फॉर्म आणि क्विझची साधने इथेच उपयोगी पडतात. मात्र फॉर्मने तपासणी झटपट झाली म्हणजे मूल्यमापन चांगले झाले असे नाही. ते चांगले व्हायचे असेल तर कुठे लक्ष द्यावे लागते, हे या लेखात पाहू.

साधने कोणती आणि ती काय करतात?

सर्वांत जास्त वापरले जाणारे साधन म्हणजे गुगल फॉर्म्स. नवा फॉर्म उघडायचा, सेटिंग्जमध्ये ‘क्विझ’ हा पर्याय चालू करायचा, प्रश्न आणि पर्याय लिहायचे. मग प्रत्येक प्रश्नाच्या ‘आन्सर की’मध्ये बरोबर उत्तर आणि गुण नोंदवायचे. तिथेच बरोबर उत्तरासाठी एक आणि चुकलेल्या उत्तरासाठी दुसरी सूचना लिहिता येते. गुण लगेच दाखवायचे की सरांनी पाहिल्यानंतर, हेही ठरवता येते. प्रश्नांचा व पर्यायांचा क्रम प्रत्येकासाठी बदलता येतो. ‘सेक्शन’ची सोय वापरली तर विद्यार्थ्याच्या उत्तरानुसार त्याला वेगळ्या पानावर पाठवता येते. म्हणजे ज्याचे चुकले त्याला आधी थोडे स्पष्टीकरण आणि मग सोपा प्रश्न मिळतो. ज्याचे बरोबर आले तो पुढे जातो.

मायक्रोसॉफ्ट फॉर्म्स साधारण असेच काम करते. नॉर्वेत तयार झालेले आणि २०१३ मध्ये आलेले कहूट, तसेच बेंगळुरूत २०१५ मध्ये क्विझिझ या नावाने सुरू झालेले साधन, ही दोन्ही खेळासारखी आहेत. वर्गात उत्साह आणायला ती छान. पण कहूटमध्ये लवकर उत्तर देणाऱ्याला जास्त गुण मिळतात. त्यामुळे विचार करून उत्तर देणारा मागे पडतो आणि पडद्यावरची क्रमवारी पाहून बाकीचे घाईत बटण दाबतात. कोणाला काय समजले नाही हे शोधायचे असेल, तर घड्याळ आणि क्रमवारी दोन्ही बंद ठेवलेली बरी.

दहापैकी चार म्हणजे किती?

आता थोडे गणित. चार पर्यायांचे दहा प्रश्न आहेत आणि एखाद्याने प्रश्न न वाचताच उत्तरे दिली. सरासरीने त्याचे अडीच प्रश्न बरोबर येतील. पण सरासरी म्हणजे प्रत्येकाचे गुण नव्हेत. संभाव्यतेचे गणित केले तर अशा शंभर जणांपैकी सुमारे २२ जणांना चार किंवा अधिक गुण मिळतात. प्रश्न ‘चूक की बरोबर’ प्रकारचे असतील तर स्थिती आणखी बिकट. तिथे न वाचता उत्तरे देणाऱ्या शंभरांपैकी सुमारे ८३ जण चाळीस टक्क्यांची रेषा ओलांडतात!

एनडीएच्या लेखी परीक्षेत यावर उपाय आहे. गणिताच्या पेपरात १२० प्रश्न आणि ३०० गुण, म्हणजे प्रत्येक प्रश्नाला अडीच. उत्तर चुकले तर त्याचा एक तृतीयांश, म्हणजे ०.८३ गुण कापला जातो. चारपैकी एक वेळ अडीच मिळणार आणि तीन वेळा ०.८३ जाणार, म्हणजे आंधळ्या अंदाजाचा हिशेब शून्यावर येतो. गुगल फॉर्म्समध्ये मात्र उणे गुण देण्याची सोय नाही. त्यामुळे फॉर्मवरचे ‘१० पैकी ४’ हे खरे चार आहेत की नशिबाचे, ते नुसत्या आकड्यावरून ओळखता येत नाही.

यावर एक सोपा उपाय आहे. प्रत्येक प्रश्नाखाली आणखी एक छोटा प्रश्न ठेवावा: ‘या उत्तराची खात्री आहे की अंदाज आहे?’ त्याला गुण नसावेत. मग उत्तरांचे चार गट पडतात. बरोबर आणि खात्री: इथे काळजी नाही. बरोबर पण अंदाज: सराव हवा. चूक आणि अंदाज: शिकायचे राहिले आहे, आणि ते त्यालाही ठाऊक आहे. चौथा गट चूक आणि खात्री. हा विद्यार्थी प्रश्न विचारायला हात वर करणार नाही, कारण आपल्याला येते असे त्याला वाटते. सरांनी सर्वांत आधी ज्यांच्याकडे जायला हवे ते हेच.

चुकीचे पर्यायही विचारपूर्वक लिहावेत

या लेखातली मुख्य गोष्ट हीच. चाचणीतला बरोबर पर्याय आपल्याला इतकेच सांगतो की याला आले. चुकीचा पर्याय सांगतो की याचे नेमके कुठे अडले. पण तसे होण्यासाठी प्रत्येक चुकीच्या पर्यायामागे एक खरी, नेहमी होणारी चूक असायला हवी. ‘यापैकी नाही’ किंवा वाचताक्षणी हसू येईल असा पर्याय दिला, तर त्यातून काहीच हाती लागत नाही.

आपल्या भिलाईचेच उदाहरण घेऊ. भूगोलाचा प्रश्न: ‘भिलाई इस्पात कारखान्याला अनेक दशके लोहखनिज मुख्यतः कोठून मिळत आले?’ पर्याय: दल्ली-राजहरा, बैलाडिला, कोरबा, नंदिनी. बरोबर उत्तर दल्ली-राजहरा. ज्याने बैलाडिला निवडले त्याला लोहखनिज कुठे सापडते हे माहीत आहे, फक्त खाण दुसरी सांगितली. कोरबा निवडणाऱ्याचा गोंधळ वेगळा. कोरबा कोळशासाठी प्रसिद्ध आहे, म्हणजे कच्चा माल आणि इंधन यांत त्याची गल्लत झाली. नंदिनीच्या खाणी चुनखडीच्या. झोतभट्टीत चुनखडी अशुद्ध द्रव्ये धातुमळीच्या रूपात बाजूला काढण्यासाठी वापरतात. नंदिनी म्हणणाऱ्याला कदाचित पोलाद बनवण्याची प्रक्रियाच पुन्हा समजावून द्यावी लागेल. तिघांचेही गुण शून्य, पण तिघांना हवी असलेली मदत तीन प्रकारची.

दुसरे उदाहरण भौतिकशास्त्रातले. ‘सरळ वर फेकलेला दगड सर्वोच्च बिंदूवर असताना त्याचे त्वरण किती?’ बरोबर उत्तर: सुमारे ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग, खालच्या दिशेने. अनेक जण ‘शून्य’ निवडतात. त्या क्षणी वेग शून्य असतो, म्हणून त्वरणही शून्य असेल असे त्यांना वाटते. हा पर्याय ठेवलाच नाही, तर वर्गातली ही समजूत कधी बाहेरच येणार नाही.

तिसरे उदाहरण आपल्या नकाशावाचनाच्या तासाचे. ‘एका ठिकाणाचे बेअरिंग १३० अंश आहे, तर बॅक बेअरिंग किती?’ पर्याय: ३१०, २३०, ५० आणि १३०. बेअरिंग १८० पेक्षा कमी असेल तर त्यात १८० मिळवायचे, म्हणून उत्तर ३१०. ज्याने २३० लिहिले त्याने ३६० मधून १३० वजा केले. ज्याने ५० लिहिले त्याने १८० मधून वजा केले. १३० लिहिणाऱ्याला बॅक बेअरिंग म्हणजे काय हेच समजलेले नाही.

समजा, ३२ कॅडेटांच्या वर्गात १२ जणांनी ३१०, १४ जणांनी २३०, चौघांनी ५० आणि दोघांनी १३० निवडले. नुसते गुण पाहिले तर ‘वीस जण नापास’ एवढेच कळते आणि सगळा धडा पुन्हा शिकवावासा वाटतो. पण फॉर्मच्या ‘समरी’मधला आलेख पाहिला तर दिसते की चौदा जणांनी एकच चूक केली आहे. फळ्यावर एक वर्तुळ काढून, एकाच सरळ रेषेची दोन टोके १८० अंशांनी वेगळी असतात हे दाखवले, तर पाच मिनिटांत चौदा जणांचे काम होईल. उरलेल्या सहा जणांना वेगळे बसवता येईल.

ही चूक कागदावर एका गुणाची, पण मैदानावर किती महाग पडते पाहा. तळावरून १३० अंशांच्या दिशेने एक किलोमीटर गेलेला कॅडेट परत येताना ३१० ऐवजी २३० अंशांनी एक किलोमीटर चालला, तर तो तळापासून जवळजवळ १.३ किलोमीटर दूर पोहोचेल. म्हणजे निघाला होता त्याहूनही लांब! आणि त्याने फॉर्ममध्ये ‘खात्री आहे’ असे लिहिले असेल, तर तो वाटेत कोणाला विचारणारही नाही.

सैन्याच्या इतिहासातला एक धडा

बहुपर्यायी प्रश्न फार जुने नाहीत. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात फ्रेडरिक केली यांनी १९१५ च्या सुमारास वाचनाची चाचणी या पद्धतीने तयार केली. लगेचच पहिल्या महायुद्धात ही पद्धत सैन्यात पोहोचली. १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली तेव्हा लाखो नव्या सैनिकांमधून कोणाला कोणते काम द्यायचे हा प्रश्न होता. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट यर्कीस यांच्या नेतृत्वाखाली दोन चाचण्या तयार झाल्या. इंग्रजी वाचता येणाऱ्यांसाठी ‘आर्मी अल्फा’ आणि न येणाऱ्यांसाठी चित्रांची ‘आर्मी बीटा’. सुमारे १७ लाख लोकांची तपासणी झाली.

तपासणी वेगाने झाली, पण प्रश्नांत मोठा दोष होता. अल्फामधले काही प्रश्न अमेरिकेतल्या जाहिराती, वस्तू आणि खेळाडूंविषयीचे होते. बीटामधल्या एका चित्रात टेनिसच्या मैदानावरची जाळी नाहीशी केली होती आणि काय कमी आहे ते ओळखायचे होते. नुकताच युरोपातल्या खेड्यातून आलेल्या ज्या माणसाने टेनिस कधी पाहिलेच नव्हते, तो काय ओळखणार? अशांना कमी गुण मिळाले आणि त्यावरून त्यांची बुद्धीच कमी, असा निष्कर्ष काढला गेला. प्रत्यक्षात त्यांची ओळख कोणत्या गोष्टींशी होती, एवढेच त्या प्रश्नांनी मोजले होते.

हा धोका आपल्याही जवळ आहे. कारखान्यामुळे भिलाईत देशाच्या सगळ्या भागांतून लोक आले. घरात कोणी मराठी बोलते, कोणी तेलुगू, कोणी बांगला. रस्त्यावर हिंदी आणि छत्तीसगढी. पाठ्यपुस्तक अनेकदा इंग्रजीत. अशा वर्गात विज्ञानाचा प्रश्न अवघड इंग्रजी वाक्यात विचारला, तर विज्ञान मोजले जाते की इंग्रजी? म्हणून प्रश्न छोटा आणि सरळ असावा. ‘खालीलपैकी कोणते विधान चुकीचे नाही?’ असे दुहेरी नकार टाळावेत. फॉर्ममध्ये एकाच प्रश्नाखाली दोन भाषांत मजकूर लिहिता येतो. त्याला पाच मिनिटे जास्त लागतात, तेवढी द्यावीत.

ज्यांच्याकडे फोन नाही त्यांचे काय?

२०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा ही साधने अचानक सगळीकडे आली. महाराष्ट्रात तयारी काही प्रमाणात आधीच झाली होती. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणले. कोड स्कॅन केला की त्या धड्याची कविता, व्हिडिओ किंवा स्वाध्याय उघडत असे. डिसेंबर २०२० मध्ये त्यांना ‘ग्लोबल टीचर प्राइज’ मिळाले, आणि बक्षिसाची अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्राच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने व्हॉट्सॲपवर दर आठवड्याला प्रश्न पाठवणारी ‘स्वाध्याय’ योजना सुरू केली. वेगळे ॲप घ्यावे लागू नये, घरातल्या साध्या स्मार्टफोनवर चाचणी व्हावी, हा त्यातला विचार.

आपल्या छत्तीसगडमध्ये एप्रिल २०२० मध्ये ‘पढ़ई तुंहर दुआर’ हे पोर्टल सुरू झाले. पण जिथे नेटवर्क पोहोचत नव्हते तिथे पोर्टलचा उपयोग नव्हता. म्हणून शिक्षकांनी मोहल्ल्यांत, झाडाखाली वर्ग भरवले आणि ‘बुलटू के बोल’ या उपक्रमात ब्लूटूथने एका फोनमधून दुसऱ्या फोनमध्ये ध्वनिपाठ पाठवले. साधन परिस्थितीला धरून निवडावे लागते, हे यातून दिसते.

वसतिगृहात कॅडेटांकडे फोन नसतात. संगणक कक्षाची पाळी रोज येत नाही. अशा ठिकाणी ‘प्लिकर्स’सारखी पद्धत चालते. प्रत्येक विद्यार्थ्याला वेगळ्या आकृतीचे छापील कार्ड मिळते. कार्डाच्या चार बाजू म्हणजे चार पर्याय. जो पर्याय बरोबर वाटतो ती बाजू वर करून कार्ड धरायचे. सर आपला एकच फोन वर्गावरून फिरवतात आणि सगळी उत्तरे नोंदली जातात. आकृत्या निरनिराळ्या असल्यामुळे शेजाऱ्याचे कार्ड पाहूनही त्याचे उत्तर पटकन ओळखता येत नाही. तेही नसेल तर चार बोटांनी पर्याय दाखवणे आहेच. विचारपूर्वक लिहिलेला प्रश्न बोटांवरही तितकेच सांगतो.

नक्कल आणि नाव

ऑनलाइन चाचणीत नक्कल होते, ही तक्रार नेहमीची. गुगल फॉर्म्समध्ये दुसरे पान उघडू न देणारा ‘लॉक्ड मोड’ आहे, पण तो फक्त शाळेने व्यवस्थापित केलेल्या क्रोमबुकवर चालतो. पर्यायांचा क्रम बदलल्याने थोडा फरक पडतो. पण मला वाटते नक्कल कमी करण्याचा खरा मार्ग म्हणजे अशा रोजच्या चाचणीचे गुण प्रगतिपुस्तकात न धरणे. गुणच धरले जाणार नसतील तर नक्कल करून मिळवायचे काय? उलट नक्कल करणाऱ्याची अडचण लपून राहते आणि मदत दुसऱ्यांना मिळते.

याबरोबर दोन गोष्टी पाळायला हव्यात. फॉर्ममध्ये नाव किंवा रोल नंबर पुरे, फोन नंबर आणि घरचा पत्ता मागू नये. आणि कोणाचे काय चुकले याची यादी नोटीस बोर्डावर किंवा ग्रुपवर लावू नये. वर्गात आलेख दाखवावा, नावे नाहीत. नाव जाहीर होणार या भीतीने विद्यार्थी ‘अंदाज’ असूनही ‘खात्री’ लिहितो, आणि मग चाचणीचा उपयोग संपतो.

आपण कॅडेट काय करू शकतो?

चाचणी घेणे हे फक्त सरांचेच काम नाही. २००६ मध्ये अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिके या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांनी एक उतारा दोनदा वाचला. दुसरा उतारा एकदा वाचून मग तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनंतर दोनदा वाचलेला उतारा जास्त आठवला, सुमारे ८१ टक्के विरुद्ध ७५. पण एका आठवड्यानंतर चित्र उलटले. दोनदा वाचलेल्या उताऱ्यातले सुमारे ४२ टक्के आठवले आणि आठवून लिहिलेल्यातले ५६ टक्के. प्रेपमध्ये तोच धडा पुन्हा पुन्हा वाचताना ‘येते’ असे वाटते, ते यामुळेच फसवे असते.

म्हणून एक पद्धत सुचवतो. आठवड्यातून एकदा प्रत्येक हाउसमधल्या चार-पाच जणांच्या गटाने एका धड्यावर पाच प्रश्न तयार करावेत. अट एकच: प्रत्येक चुकीच्या पर्यायासमोर तो कोणत्या चुकीतून येतो हे वहीत लिहायचे. हे लिहिता आले नाही तर तो पर्याय बदलायचा. विषयाच्या सरांना किंवा मॅडमना प्रश्न दाखवून घ्यायचे आणि संगणक कक्षाच्या पाळीत दुसऱ्या गटाने ते सोडवायचे. पर्याय लिहिताना धडा जितका समजून घ्यावा लागतो, तितका तो नुसता सोडवतानाही लागत नाही.

चाचणी झाल्यावर आधी एकूण गुण पाहू नका. सर्वांत जास्त जणांनी निवडलेला चुकीचा पर्याय शोधा, तो का निवडला गेला ते एकमेकांना विचारा, आणि मग त्याच कल्पनेवरचा पण वेगळ्या आकड्यांचा एक प्रश्न दोन दिवसांनी पुन्हा सोडवा. बॅक बेअरिंगच्या प्रश्नात १३० ऐवजी २४० अंश द्या. आता १८० मिळवायचे की वजा करायचे? उत्तर ६० आले, आणि ते का आले हेही सांगता आले, तर ती चूक सुधारली असे समजायला हरकत नाही.